राक्षसी ठरवण्याची सोय

मराठीत ‘खुनी’ या शब्दाला लिंगभेद माहीत नाही. तो खुनी, ती खुनी. भाषेने येथे जो समभाव दाखवला आहे तो तिच्या वापरकर्त्यांना मात्र झेपलेला नाही. ठरवून, थंड डोक्याने, वर्षानुवर्षे माणसे मारणारी व्यक्ती स्त्री निघाली की साधे ‘खुनी’ पुरेनासे होते. मग हडळ, जखीण, कैदाशीण, चेटकीण, त्राटिका अशी सारी फौज कोशातून बाहेर पडते. गंमत अशी की नवऱ्याला उलट उत्तर देणाऱ्या बाईवरही हीच फौज सोडण्याची वहिवाट आहे. शेक्सपिअरच्या भांडखोर नायिकेला वा. बा. केळकरांनी मराठी रंगभूमीवर आणले तेव्हा नाटकाला नाव दिले ते ‘त्राटिका’. जी शिवी जिभेच्या तिखटपणाला पुरते तीच मुडद्यांची रास घालणारीलाही पुरत असेल, तर शिवी देणाऱ्याचे लक्ष गुन्ह्याकडे नसून दुसऱ्याच कशाकडे तरी आहे असे म्हणावे लागते.

हे दुसरे काय, ते १८९३ साली इटलीत शास्त्राच्या नावाने सांगून झाले आहे. चेसारे लोम्ब्रोझो आणि गुल्येल्मो फेर्रेरो यांनी गुन्हेगार स्त्रियांवर जो ग्रंथ लिहिला त्यातील तर्क असा: गुन्हेगार हा समाजातील अपवाद, स्त्री-गुन्हेगार हा त्या अपवादातीलही अपवाद, आणि असा दुहेरी अपवाद म्हणजे निसर्गाची विकृती, राक्षस. कवट्यांची आणि जबड्यांची मापे घेऊन माणसाची नियत ठरवणारे ते शास्त्र पुढे मोडीत निघाले. विद्यापीठांनी ते टाकून दिले. वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांनी नाही. तेथे आजही पुरुषाने केलेले खून हा गुन्हा असतो आणि स्त्रीने केलेले खून हा निसर्गाशी केलेला द्रोह असतो. पुरुष कायदा मोडतो, स्त्री स्त्रीत्व मोडते.

यावर नेहमीचे उत्तर तयार असते. निरपराध माणसांचे जीव घेणाऱ्या बाईला राक्षसी म्हटले तर बिघडले कुठे? तिच्यासाठी मवाळ शब्द शोधायचे की काय? या प्रश्नात एक गृहीत दडलेले आहे: राक्षसी म्हणणे ही कठोर शिक्षा आहे असे ते गृहीत. वस्तुस्थिती उलटी आहे. राक्षसी म्हणणे ही सवलत आहे. आणि ती त्या बाईला दिलेली नसून तिच्या भोवतीच्या साऱ्यांना दिलेली आहे. राक्षसाला कारण लागत नाही, साथीदार लागत नाहीत, त्याच्याकडे दुर्लक्ष करणारे डॉक्टर, पोलीस, विमा कंपन्या आणि सरदार लागत नाहीत. राक्षस आभाळातून पडतो. एकदा तो पडला असे ठरले की जमिनीवर काय चालले होते ते पाहण्याची गरज संपते.

याचा सर्वांत जुना आणि सर्वांत गाजलेला दाखला म्हणजे हंगेरीची काउंटेस एलिझाबेथ बाथोरी. जगातील बहुतेक वाचकांना तिच्याविषयी एकच गोष्ट माहीत असते: तारुण्य टिकावे म्हणून ती कुमारिकांच्या रक्ताने स्नान करी. कादंबऱ्या, चित्रपट, बाजारू मासिके आणि पर्यटकांसाठी छापलेली माहितीपत्रके या एका न्हाणीघराभोवती फिरतात. पण डिसेंबर १६१० मध्ये तिला चेय्ते येथील गढीत पकडण्यात आले त्याच्या आगेमागे ज्या शेकडो साक्षी नोंदवल्या गेल्या, त्यांत या स्नानाचा पत्ता नाही. ते प्रथम छापील रूपात आले १७२९ साली, लास्लो तुरोत्सी नावाच्या जेझुइट पंडिताच्या ग्रंथात. म्हणजे तिच्या मृत्यूनंतर तब्बल ११५ वर्षांनी. मूळ साक्षी १८१७ साली प्रसिद्ध झाल्या तेव्हा त्या कथेला आधार नसल्याचे उघड झाले. तरी कथा मेली नाही, कारण ती अतिशय सोयीची होती.

साक्षींत जे आहे ते अधिक भयंकर आणि अधिक साधे आहे. त्यांत मारहाण आहे, भाजणे आहे, टोचणे आहे, उपाशी ठेवणे आहे, थंडीत गार पाण्याने भिजवून उभे करणे आहे. हे सर्व शिवणकामात चूक झाली, हुकूम ऐकला नाही अशा कारणांवरून घरकामाच्या मुलींना केले जाई. म्हणजे हा मालकिणीने मोलकरणींवर केलेला अत्याचार होता. ज्या हंगेरीत १५१४ च्या शेतकरी उठावानंतर शेतकऱ्याला जमिनीशी आणि जमीनदाराशी कायमचे जखडून टाकण्यात आले होते, तेथे गढीवर कामाला गेलेली शेतकऱ्याची पोर परत आली नाही तर दाद कोणाकडे मागायची? ल्यूथरपंथी धर्मोपदेशक इश्तवान मागयारी याने सतराव्या शतकाच्या अगदी आरंभीच या प्रकाराविरुद्ध आवाज उठवला होता. काही घडले नाही. तिचा नवरा फेरेंत्स नादाश्दी तुर्कांविरुद्ध लढणारा नामांकित सेनानी होता. त्याच्या दाराशी चौकशी करायला कोण जाणार? तो १६०४ मध्ये वारला. त्यानंतर लहानसहान सरदारांच्या मुलीही रीतभात शिकण्यासाठी तिच्याकडे ठेवल्या जाऊ लागल्या आणि त्याही मरू लागल्या, तेव्हा कुठे राज्ययंत्रणा हलली. शेतकऱ्यांच्या मुलींचे मरण ही अफवा होती, सरदारांच्या मुलींचे मरण हा पुरावा झाला.

पुढे जे झाले तेही न्हाणीघराच्या धुक्यात हरवले आहे. सरदारीण म्हणून तिच्यावर कधी खटलाच चालला नाही. राज्याचा प्रमुख अधिकारी ग्यॉर्ग्य थुर्झो याने तिच्या मुलाशी आणि जावयांशी संगनमत करून असा तोडगा काढला की घराण्याची मालमत्ता जप्त होऊ नये. राजाकडून नादाश्दी घराण्याला मोठे कर्ज येणे होते, ही बाबही त्या तोडग्याच्या पार्श्वभूमीला आहे. काउंटेसला गढीत कोंडण्यात आले आणि तेथेच ती ऑगस्ट १६१४ मध्ये वारली. मृत्युदंड झाला तो तिच्या नोकरांना, जानेवारी १६११ मध्ये. दोन म्हाताऱ्या दासींची बोटे आधी चिमट्याने उपटण्यात आली, मग त्यांना जाळण्यात आले. एका तरुण गड्याचा शिरच्छेद झाला. ज्यांनी हुकूम पाळला त्यांना आग आणि जिने हुकूम दिला तिला दगडी भिंत, हा न्याय त्या काळच्या वर्गरचनेशी अगदी सुसंगत होता.

आता रक्तस्नानाच्या कथेने केले काय ते पाहावे. तिने सत्तेचा गुन्हा सौंदर्याचा करून टाकला. वेठीच्या मुलींना जनावरासारखे मारण्याची मुभा असलेली व्यवस्था बाजूला सरली आणि तिच्या जागी आरशासमोर बसलेली, सुरकुत्यांना भ्यायलेली एक बाई आली. जमीनदारीची कथा प्रसाधनाची कथा झाली. स्त्रीने क्रौर्य केले तर ते रूपासाठीच असणार, सत्तेच्या माजापायी स्त्री क्रूर होईलच कशी, हा समज त्या कथेच्या मुळाशी आहे. शिवाय आकडा. एका साक्षीदार मुलीने ऐकीव माहितीवर ६५० हा आकडा सांगितला. इतर साक्षींतील आकडे त्याच्या कितीतरी खाली आहेत. पण विक्रमांच्या पुस्तकांना ६५० हाच आकडा आवडला. मेलेल्या मुलींची नावे जुळवण्याचा खटाटोप कोणी फारसा केला नाही. त्यांची गोळाबेरीज मात्र सर्वांना पाठ आहे.

अलीकडे याच बाथोरीची दुसरी आवृत्ती निघाली आहे. तिच्या मते काउंटेस सर्वस्वी निर्दोष होती; श्रीमंत विधवेची मालमत्ता लुबाडण्यासाठी पुरुषांनी रचलेल्या कटाची ती बळी ठरली. कटाला जागा आहे यात शंका नाही. थुर्झोने छळ करून नोकरांकडून कबुलीजबाब घेतले हेही खरे. पण ज्या शेकडो साक्षी गोळा झाल्या त्या सगळ्या खोट्या ठरवायच्या तर पुन्हा एकदा मेलेल्या मोलकरणींनाच खोटे ठरवावे लागते. राक्षसीची देवी केली तरी गढीच्या मागे पुरलेल्या मुली होत्या तिथेच राहतात. निंदक आणि कैवारी यांचे या एका बाबतीत गुप्त एकमत आहे: दोघांनाही नायिका हवी आहे, मुली नको आहेत.

बाथोरीला सत्तेचे कवच होते. गरीब घरातील बाईला असे कवच कुठून मिळणार, असा प्रश्न येथे साहजिक आहे. त्याचे उत्तर अडीच शतकांनंतरच्या इंग्लंडमध्ये, डरहॅम परगण्यातील कोळशाच्या खाणींच्या वस्तीत सापडते. मेरी अ‍ॅन कॉटन ही खाणकामगाराची मुलगी. तिला डरहॅमच्या तुरुंगात २४ मार्च १८७३ रोजी फाशी दिले ते एका खुनाबद्दल, सात वर्षांच्या सावत्र मुलाला सोमल घालून मारल्याबद्दल. तिच्या आयुष्यात नवरे, मुले, सावत्र मुले, आई, एक प्रियकर अशी वीसएक माणसे पोटाच्या विकाराने गेली होती, आणि त्यांतील बहुतेक मरणे तिनेच घडवली असा आजवरच्या अभ्यासकांचा कल आहे. तिचे कवच कोणते? तिचे कवच होते शुश्रूषा. ती काही काळ रुग्णालयात परिचारिका होती. आजाऱ्याच्या उशाशी बसणारी, चहा करून देणारी, डॉक्टरला निरोप धाडणारी बाई. तिच्या हातच्या पेल्याकडे संशयाने पाहण्याची कोणाला सवयच नव्हती.

आणि डॉक्टर? ज्या काळी इंग्लंडमध्ये जन्मणाऱ्या दर हजार मुलांपैकी सुमारे दीडशे वर्षाच्या आत मरत, आणि खाणकामगारांच्या दाटीवाटीच्या चाळींत त्याहूनही अधिक, त्या काळी मजुराच्या पोराचे उलट्या-जुलाबाने मरणे ही बातमीच नव्हती. डॉक्टर ‘जठरज्वर’ असे लिहून मोकळा होई. मृत्यूचे कारण डॉक्टरने लिहून देणे कायद्याने बंधनकारक झाले ते तिच्या फाशीनंतरच्या वर्षी, १८७४ साली. मुलाच्या अंगावर काही पौंडांचा विमा उतरवणारी कंपनी हप्ते वेळेवर येत आहेत ना एवढेच पाहत होती. सोमल ढेकणांसाठी म्हणून साबणाबरोबर मिळत असे. या साखळीतील कोणत्याही कडीने कायदा मोडला नव्हता. ती पकडली गेली तीही योगायोगाने. गावच्या निराधारांची व्यवस्था पाहणाऱ्या टॉमस रायली या इसमाला तिने सावत्र मुलाला ‘वर्कहाउस’मध्ये घ्या म्हणून विचारले होते आणि पोरगे फार दिवस आपल्याला अडथळा करणार नाही अशा अर्थाचे काहीतरी बोलून गेली होती. थोड्याच दिवसांत पोर मेले. रायली थेट पोलिसांकडे गेला. त्यानंतरही कॉरोनरच्या चौकशीत मृत्यू नैसर्गिक ठरलाच होता! डॉक्टरने पोटातील काही अंश बाजूला ठेवला होता म्हणून पुढे त्यात सोमल सापडला.

एवढ्या मरणांची जबाबदारी अशा किती हातांत वाटलेली होती, हा प्रश्न डरहॅमच्या वर्तमानपत्रांना विचारता आला असता. त्याऐवजी उरले काय? पोरांनी दोरीवरच्या उड्या मारताना म्हणावे असे एक बडबडगीत, आणि २०१६ साली ब्रिटिश दूरचित्रवाणीवर आलेली ‘डार्क एंजल’ नावाची मालिका. देवदूत, पण काळा. बाईला माणूस म्हणून मधल्या पायरीवर उभे राहण्याची परवानगी नाही. ती एकतर स्वर्गातली, नाहीतर नरकातली.

हा भूतकाळ आहे असे समजणाऱ्यांनी केरळातील कूडत्तायी गावाकडे पाहावे. तेथील एका कुटुंबात २००२ ते २०१६ या काळात सहा मृत्यू झाले आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये घरातील सुनेला अटक झाली. आरोपांचा निवाडा करणे न्यायालयाचे काम. पण एक गोष्ट निवाड्यावाचूनही सांगता येते. २०११ साली त्या घरातील एका पुरुषाचे शवविच्छेदन झाले, त्यात सायनाइड आढळले आणि प्रकरण आत्महत्या म्हणून मिटवण्यात आले. पुढे आठ वर्षे कोणी त्या कागदाकडे पाहिले नाही. या आठ वर्षांवर कोणी मालिका काढली नाही. माहितीपट निघाला तो २०२३ साली, नेटफ्लिक्सवर, आणि त्याच्या शीर्षकात कालवण आणि सायनाइड यांचा अनुप्रास जुळवलेला होता. स्वयंपाकघराचा वास आल्याशिवाय बाईचा गुन्हा खपत नाही, हे मुंबई-दिल्लीपासून लॉस एंजेलिसपर्यंतच्या व्यापाऱ्यांना नेमके कळलेले आहे.

त्या व्यापाराचा कळस अमेरिकेत झाला. फ्लोरिडातील हमरस्त्यांवर देहविक्रय करणाऱ्या आयलीन वूर्नोस हिने १९८९-९० या दोन वर्षांत सात पुरुषांना गोळ्या घातल्या. तिला पकडताच वृत्तपत्रांनी ‘अमेरिकेची पहिली स्त्री मालिका-खुनी’ अशी आरोळी ठोकली. हे धडधडीत खोटे होते. मॅसॅच्युसेट्समधील परिचारिका जेन टॉपन हिने विसाव्या शतकाच्या आरंभीच ३१ खुनांची कबुली दिली होती. इंडियानातील बेल गनेसच्या शेतात १९०८ साली प्रेतांचे अवशेष निघाले होते. पण त्या दोघींनी विष, शुश्रूषा, लग्नाची जाहिरात अशी ‘बायकी’ हत्यारे वापरली होती. वूर्नोसने पिस्तूल वापरले आणि अनोळखी पुरुषांवर वापरले. ‘पहिली’ या शब्दाचा खरा अर्थ एवढाच होता की पुरुषांना प्रथमच भीती वाटली. तिच्या तपासातील पोलीस अधिकारी चित्रपटाच्या हक्कांबाबत बोलणी करत असल्याचा आरोप झाला. पहिली शिक्षा झाली त्याच वर्षी, १९९२ च्या नोव्हेंबरात, तिच्यावरचा दूरचित्रवाणीपट प्रक्षेपितही झाला. तिला ९ ऑक्टोबर २००२ रोजी विषाच्या सुईने देहदंड दिला आणि पुढच्याच वर्षी मोठ्या पडद्यावर चित्रपट आला. नाव ‘मॉन्स्टर’. त्यातील नटीला ऑस्कर मिळाले तेव्हा सर्वाधिक शाई खर्च झाली ती एवढ्या देखण्या बाईने स्वतःला इतके कुरूप कसे करून घेतले यावर! बाथोरीचा आरसा चारशे वर्षांनी हॉलिवुडात लागला म्हणायचा.

वूर्नोसलाही कैवारी मिळाले. पुरुषी हिंसेला उत्तर देणारी बंडखोर असे तिचे चित्र रंगवण्यात आले. तिने आधी स्वसंरक्षणाचा दावा केला होता. लहानपणापासून तिने जे सोसले ते कोणत्याही न्यायाधीशाने विचारात घ्यावे इतके भीषण होते. पण शेवटच्या काळात आपण थंडपणे मारले असे तिने स्वतःच सांगितले आणि अपिले सोडून दिली, तेव्हा कैवाऱ्यांची पंचाईत झाली. ती वेडी झाली असावी असा निष्कर्ष काहींनी काढला. स्त्रीने स्वतःच्या गुन्ह्याचे कर्तेपण मागितले तर तेही तिला द्यायचे नाही, असे हे प्रेम आहे. मारले गेलेले सात पुरुष तर कोणाच्याच खिजगणतीत नव्हते. निंदकांनाही त्यांच्याशी कर्तव्य नव्हते आणि कैवाऱ्यांनाही.

येथे महाराष्ट्राचा हिशेब तपासण्याजोगा आहे. पुण्यात १९७६-७७ मध्ये चार तरुणांनी जोशी-अभ्यंकर प्रकरण म्हणून ओळखले जाणारे दहा खून केले. १९८३ साली येरवड्यात ते फासावर गेले. मुंबईत १९६८ साली पकडलेल्या रमण राघवने फुटपाथवर झोपलेल्या माणसांची डोकी फोडली. त्याची फाशी मनोविकाराच्या कारणावरून जन्मठेपेत बदलली. या दोन्ही प्रकरणांवर मराठीत भरपूर लिहिले गेले. दारू, चैन, महाविद्यालयीन जीवन, महानगराचे एकाकीपण, मनोविकृती यांची चर्चा झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. त्या चौघांनी पुरुषजातीला काळिमा फासला, रमण राघवने पितृत्वाची विटंबना केली, असा सूर मात्र लागला नाही. पुरुषाच्या गुन्ह्याला समाज असतो, मन असते, परिस्थिती असते. बाईच्या गुन्ह्याला फक्त कूस असते.

हा फरक उघडा पडला तो कोल्हापूरच्या प्रकरणात. अंजनाबाई गावित आणि तिच्या मुली रेणुका शिंदे व सीमा गावित या १९९० ते १९९६ या काळात पश्चिम महाराष्ट्राच्या शहरांतून लहान मुले पळवत, त्यांना सोबत घेऊन गर्दीत पाकीटमारी व साखळीचोरी करत आणि मूल डोईजड झाले की त्याला मारून टाकत. आई निकालापूर्वीच कैदेत मेली. मुलींना २००१ साली कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने फाशी सुनावली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. न्यायालयात शाबीत झालेले खून पाच. लोकांच्या तोंडी आणि प्रसारमाध्यमांत हा आकडा चाळीसच्या वर गेला. आकड्याच्या बाबतीत चेय्ते आणि कोल्हापूर यांत फार अंतर नाही.

या गुन्ह्याची रीत नीट पाहिली पाहिजे, कारण साऱ्या प्रकरणाचे मर्म तेथे आहे. कडेवर मूल असलेल्या बाईचा कोणाला संशय येत नाही. चोरी करताना सापडलीच तर मूल पुढे करायचे, ते रडले की गर्दीला दया येते. नाहीच आली तर मूल जमिनीवर आपटायचे, गर्दीचे लक्ष तिकडे वळते. म्हणजे मातृत्वाविषयीचा समाजाचा आंधळा भाविकपणा हेच त्या तिघींचे हत्यार होते. एस. टी. स्थानकात, देवळाच्या आवारात, जत्रेत त्यांनी सहा वर्षे ते बिनबोभाट चालवले. आणि त्या पकडल्या गेल्यावर समाजाने हळहळ कोणती केली? मातृत्वाला काळिमा! ज्या भाबड्या कल्पनेने त्यांना सहा वर्षे संरक्षण दिले तिलाच फिर्यादी करून पुन्हा उभे करण्यात आले. कॉटनच्या चहाचा पेला आणि गावित मायलेकींच्या कडेवरचे पोर या एकाच जातीच्या वस्तू आहेत.

सर्वोच्च न्यायालयानेही शिक्षेचा विचार करताना असे नमूद केले की आरोपी स्त्रिया आहेत एवढी बाब सोडली तर शिक्षा सौम्य करावी अशी कोणतीच परिस्थिती दिसत नाही. स्त्री असणे ही ‘परिस्थिती’ कशी, याचा उलगडा निकालपत्रात नाही. ती सौम्यतेची बाब असेल तर का, आणि नसेल तर तिचा उल्लेख कशाला? न्यायासनाने जे अर्धवट बोलून सोडले ते वृत्तपत्रांनी पुरे केले. या बहिणी स्वतंत्र भारतात फाशी जाणाऱ्या पहिल्या स्त्रिया ठरणार, हे वाक्य त्यानंतर वर्षानुवर्षे छापले गेले. फ्लोरिडातला ‘पहिली’ हा शब्द मराठीत सुखरूप उतरला.

आणखी एक माणूस या कथेतून नाहीसा झाला आहे. रेणुकाचा नवरा त्यांच्याबरोबर होता. तो माफीचा साक्षीदार झाला. माफीचा साक्षीदार करणे ही कायद्याची मान्य पद्धत आहे आणि त्याच्या साक्षीवाचून पुरावा उभा राहणे अवघड होते. आक्षेप त्याला नाही. आक्षेप आहे तो लोकस्मृतीला, जिच्यात ‘मायलेकी’ उरल्या आणि पुरुष विरघळून गेला. पितृत्वाचा प्रश्न त्याला कोणी विचारला नाही. २०१९ साली या प्रकरणावर निघालेल्या चित्रपटाचे नाव होते ‘पोशम पा’, लहान मुलांच्या खेळावरून घेतलेले.

मुले कोणाची होती? त्यांतील बरीचशी रस्त्यावर, स्थानकांत, देवळांच्या पायऱ्यांवर दिवस काढणाऱ्या आयांची. त्या आया हरवलेल्या मुलाची तक्रार घेऊन चौकीत गेल्या असतील तेव्हा त्यांना कोणती वागणूक मिळाली असेल हे या देशात राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. सहा वर्षांत शहरागणिक मुले नाहीशी होत असताना त्या नोंदी एकमेकींशेजारी ठेवून पाहाव्यात असे कोणत्याही पोलीस ठाण्याला वाटले नाही. तपासाला तोंड फुटले ते अंजनाबाईने आपल्या पूर्वीच्या नवऱ्याच्या दुसऱ्या संसारातील मुलीला हात लावला तेव्हा. त्या घराला पत्ता होता, फिर्याद देणारी आई होती, आणि संशय कोणावर हे तिला नावानिशी सांगता येत होते. सरदारांच्या मुली मरेपर्यंत हंगेरीचे राज्ययंत्र निजले होते. येथे राजेशाही नव्हती एवढाच फरक.

या प्रकरणी परंपरेचा दाखला देणारे पूतनेला हटकून मध्ये आणतात. मराठीत तर खोट्या मायेला ‘पूतनामावशीचे प्रेम’ म्हणण्याची रीतच आहे. पण परंपरेचा आधार घेणाऱ्यांनी परंपरा वाचावी तरी. पूतना स्वतःच्या मनाने आली नव्हती, कंसाने पाठवली होती. भागवतकार हे विसरत नाही. ‘मुद्राराक्षसा’तली विषकन्याही दोन मुत्सद्द्यांच्या डावातले हत्यार आहे, तिला नाव देण्याचीही विशाखदत्ताला गरज वाटली नाही, पण डाव कोणाचा ते त्याने लपवले नाही. भागवतात तर त्याहून पुढची गोष्ट आहे. विष लावलेल्या स्तनाने का होईना, पूतनेने पाजले. म्हणून तिचा देह जळताना अगुरूचा सुगंध सुटला आणि तिला मातेची गती मिळाली. बालघातकी राक्षसीला पुराणाने पाठवणारा धनी दिला, हेतू दिला, अखेर गतीही दिली. विसाव्या शतकातल्या शिकल्यासवरल्या संपादकाला यातले एकही देता आले नाही. त्याने तिला फक्त चार रकानी मथळा दिला.

फाशी कायम झाल्यानंतरची कहाणी फार थोड्यांनी लक्ष देऊन वाचली. दोघी बहिणींचे दयेचे अर्ज राज्यपालांकडे आणि राष्ट्रपतींकडे गेले. राष्ट्रपतींनी २०१४ साली ते फेटाळले. त्या मधल्या वर्षांत कागद मंत्रालय आणि दिल्ली यांच्यामध्ये पडून होते. बहिणी उच्च न्यायालयात गेल्या आणि जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांची फाशी रद्द करून जन्मठेप दिली. गुन्ह्याच्या निर्घृणपणाबद्दल न्यायालयाला संशय नव्हता. त्यांचे स्त्रीत्व हेही कारण नव्हते. कारण होते सरकारी यंत्रणेची दिरंगाई आणि बेपर्वाई: दयेच्या अर्जांचा निकाल लावायला यंत्रणेने सात वर्षांहून अधिक काळ लावला होता. ती फाईल कोणत्या टेबलावर किती महिने थांबली याचा हिशेब न्यायालयापुढे आला. दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांचे मथळे मात्र पुन्हा त्या दोन बहिणींचे होते.